ब्लॉक करण्याआधी तक्रार करा: नको असलेल्या मार्केटिंग कॉलविरुद्ध ग्राहकाच्या हातात काय आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये घरगुती डब्यांचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंचा मोबाईल नंबर डीएनडीमध्ये (‘डू नॉट डिस्टर्ब’, म्हणजे जाहिरातीचे कॉल नकोत म्हणणाऱ्यांच्या यादीत) नोंदलेला आहे. तरीही कर्ज, क्रेडिट कार्ड, विमा, एनए प्लॉट यांचे कॉल रोज येतात, तेही बहुतेक साध्या दहा आकडी नंबरवरून. नवे गिऱ्हाईकसुद्धा अनोळखी नंबरवरूनच फोन करते, म्हणून न उचलण्याची सोय नाही. एका टेलिकॉलरने तर त्यांच्या चालू कर्जाची बँक आणि हप्त्याची रक्कम बिनचूक सांगितली, तेव्हापासून त्या घाबरल्या आहेत. डीएनडीचा मग उपयोग काय, तक्रार नेमकी कुठे करायची आणि या त्रासाची भरपाई मिळते का, हे त्यांनी विचारले आहे. ग्राहक आयोगापुढे तक्रारदारांची बाजू मांडण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे, त्या अनुभवावरून उत्तर देते.

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तिथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. भारतात नको असलेल्या कॉलबद्दल ग्राहकाला आपोआप मिळणारी ठरावीक भरपाई नाही. अमेरिकेत १९९१ च्या कायद्याने ती सोय आहे: नियम मोडून केलेल्या प्रत्येक कॉलमागे ५०० डॉलर, आणि जाणूनबुजून केला असेल तर १५०० डॉलरपर्यंत. ज्याला कॉल आला तो स्वतः दावा लावू शकतो. तिकडे राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांकडून हे ऐकून लोक मला विचारतात, की आपल्याकडे किती मिळतात? आपल्याकडे ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, जो आर्थिक भुर्दंड लावते तो मोबाईल कंपनीवर लावते आणि तो ग्राहकाच्या खात्यात येत नाही. मला ही आपल्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव वाटते. ज्याचा दिवस मोडतो त्याला काहीच मिळत नसेल, तर तक्रार करायचा कंटाळा येणारच. पण भरपाईचा दरवाजा बंद नाही. तो ग्राहक आयोगातून जातो, आणि त्या दारापर्यंत पोहोचायला हातात कागद लागतात. ते कागद कसे जमवायचे, हेच या उत्तरात मुख्यतः सांगायचे आहे.

आता डीएनडी. २००७ मध्ये ट्रायने पहिल्यांदा ‘कॉल नको’ म्हणणाऱ्यांची देशव्यापी नोंदवही सुरू केली. २०१० च्या नियमांनी तिचे ग्राहक पसंती नोंदवहीत रूपांतर केले आणि टेलिमार्केटिंगसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिले. आज लागू असलेले नियम १९ जुलै २०१८ चे आहेत. त्यांत जाहिरात पाठवणारी प्रत्येक कंपनी, तिचे एसएमएसवरचे नाव, म्हणजे हेडर, संदेशाचा नमुना आणि ग्राहकाची संमती या साऱ्यांची ब्लॉकचेनवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या सामायिक डिजिटल नोंदवहीत, नोंद करायची आहे. कंपन्या याला किती तयार होत्या ते मार्च २०२१ मध्ये दिसले. नोंदीशी न जुळणारे संदेश अडवायला सुरुवात झाली आणि देशभर बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले. ट्रायला ती चाळणी आठवडाभर थांबवावी लागली. त्यानंतर १२ फेब्रुवारी २०२५ रोजी या नियमांत मोठी दुरुस्ती झाली. तुमच्या दृष्टीने तीच सर्वांत कामाची आहे, तिच्याकडे येतेच.

डीएनडी ही यादी आहे, आणि ती फक्त नियम पाळणाऱ्या कॉलवाल्याला अडवते. नोंदणी केलेला टेलिमार्केटर कॉल करतो तेव्हा त्याची नंबरांची यादी मोबाईल कंपनीच्या यंत्रणेतून गाळून निघते आणि त्यात तुमचा नंबर वगळला जातो. पण जो माणूस दुकानातून सिमकार्ड घेऊन खोलीत बसून कॉल करतो, तो या गाळणीतून जातच नाही. कायद्याच्या भाषेत तो नोंदणी नसलेला टेलिमार्केटर. साध्या दहा आकडी नंबरवरून व्यापारी जाहिरात करणेच मुळात बेकायदा आहे. समोरच्याने ‘मॅडम, मी फक्त माहिती देतोय’ असे कितीही सांगितले तरी. तुम्हाला येणारे बहुतेक कॉल याच जातीचे आहेत. म्हणून डीएनडी ‘चालत नाही’ असे तुम्हाला वाटते. ते चालते, पण तुमचा त्रास त्याच्या कक्षेबाहेरून येतो आहे. त्याच्यावर औषध तक्रारीचे आहे.

तरीही आपली डीएनडी नोंद एकदा तपासून घ्या. १९०९ वर फोन करून किंवा तुमच्या मोबाईल कंपनीच्या ॲपमध्ये ती दिसते. अनेकांची नोंद पूर्ण बंदीची नसून अर्धवट असते. बँकिंग व विमा, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य अशा आठ वर्गांपैकी काही चालू राहिलेले असतात. सगळेच बंद करायचे असेल तर इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’ लिहून, एक जागा सोडून शून्य लिहायचे आणि तो एसएमएस १९०९ वर पाठवायचा. पूर्ण बंदी केली तर ओटीपी, गॅसच्या बुकिंगचा किंवा बँकेच्या व्यवहाराचा संदेश येणार नाही, ही भीती खरी नाही. ते संदेश जाहिरातीत मोडत नाहीत.

आता फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने काय बदलले ते नीट समजून घ्या. पूर्वी तक्रार कॉल आल्यापासून तीन दिवसांत करावी लागे, आता सात दिवस मिळतात. नोंदणी नसलेल्या नंबरवरून कॉल आला असेल तर तक्रारीसाठी तुमची डीएनडी नोंद असण्याचीही गरज उरलेली नाही. पूर्वी अशा तक्रारीवर कारवाईला तीस दिवस लागत, ती मुदत पाच दिवसांवर आणली आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आधी एखाद्या नंबरविरुद्ध सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तरच कारवाईची पाळी येत असे. आता दहा दिवसांत पाच तक्रारी पुरेशा आहेत. पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर त्या माणसाच्या नावावरच्या सगळ्या जोडण्यांची आउटगोइंग सेवा पंधरा दिवस बंद होते. पुन्हा केले तर त्याच्या सगळ्या जोडण्या, कार्यालयातल्या अनेक लाइन्सच्या यंत्रणेसकट, सर्व मोबाईल कंपन्यांकडून एका वर्षासाठी तोडल्या जातात.

यातला ‘पाच’ हा आकडा मी प्रत्येक शिबिरात फळ्यावर लिहिते. एका सिमकार्डावरून टेलिकॉलर दिवसभरात किती लोकांना कॉल लावतो याचा अंदाज तुम्हाला आहे. त्यातल्या पाच जणांनी दहा दिवसांत तक्रार केली तर ते सिम बंद पडते. पण होते असे, की आपण सगळे चिडतो, फोन आपटतो, नंबर ब्लॉक करतो आणि विसरतो. ब्लॉक केल्याने तुमच्यापुरता तो नंबर संपला, त्याच्यापुरता काहीच संपले नाही. त्याच्याकडे पुढची यादी तयार असते आणि उद्या दुसऱ्या सिमवरून तुमचीही पाळी येते. म्हणून माझा आग्रह आहे, की आधी तक्रार करा आणि मग ब्लॉक करा. तुमच्या सोसायटीच्या किंवा बचतगटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच नंबर दोघी-तिघींना आलेला दिसला, तर प्रत्येकीने स्वतंत्रपणे आपल्या फोनवरून तक्रार करावी. एकीची तक्रार दुसरीच्या नावाने मोजली जात नाही.

तक्रार करायला फार काही लागत नाही. १९०९ वर एसएमएस करायचा. त्यात काय विकत होते ते एका ओळीत, मग स्वल्पविराम, ज्या नंबरवरून कॉल आला तो, पुन्हा स्वल्पविराम, आणि तारीख. ज्या नंबरवर कॉल आला त्याच नंबरवरून तो पाठवा. ट्रायचे डीएनडी ॲप आहे, त्यात कॉलच्या यादीतून नंबर उचलून तक्रार करता येते. तुमच्या मोबाईल कंपनीच्या ॲपमध्येही ही सोय आहे. तुमचा नंबर, समोरचा नंबर, तारीख आणि कॉलचे थोडक्यात वर्णन, एवढे असले की तक्रार वैध मानायची, असे दुरुस्त नियमातच लिहिले आहे. तेव्हा ‘माहिती अपुरी’ असे उत्तर आले तर तुम्ही या चार गोष्टी दिल्या होत्या हे दाखवून पुन्हा मागे लागा.

वर्णनाच्या त्या एका ओळीकडे मात्र लक्ष द्या, कारण तक्रारी तिथेच पडतात. ‘त्रासदायक कॉल’ असे लिहिले तर कंपनीला तो व्यापारी कॉल होता हे ठरवता येत नाही आणि फाइल बंद होते. ‘अमुक बँकेच्या नावाने पाच लाखांचे वैयक्तिक कर्ज देऊ केले’ किंवा ‘इगतपुरीजवळच्या एनए प्लॉटची जाहिरात, साइट व्हिजिटचा आग्रह’ असे लिहा. म्हणजे कॉल लगेच कापण्याऐवजी अर्धा मिनिट ऐकून दोन गोष्टी काढून घ्यायच्या: कोणाच्या वतीने बोलतात आणि काय विकतात. नाव विचारायचे, कंपनी विचारायची, ‘माझा नंबर कुठून मिळाला’ हेही विचारायचे. आवाज चढवू नका. बोलणारी मुलगी बहुतेक वेळा आठ-दहा हजारांवर राबणारी असते. आपले भांडण तिला नंबरांची यादी देणाऱ्याशी आहे.

तक्रारीनंतर एसएमएसने तक्रार क्रमांक येतो. तो पुसू नका. एका वहीत तारीख, वेळ, नंबर, काय विकत होते, तक्रार क्रमांक आणि कंपनीचे उत्तर असे रकाने आखा. डब्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे मी शिकवायला नको. दोन महिन्यांची अशी वही आयोगापुढे वकिलाच्या भाषणापेक्षा जास्त बोलते. कॉलच्या यादीचे स्क्रीनशॉट घ्या, आणि फोनमध्ये सोय असेल तर स्वतःच्या कॉलचे रेकॉर्डिंग ठेवा. पुढे ते दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि म्हणून फोन बदलताना जुना हँडसेट देऊन टाकू नका.

मोबाईल कंपनीने तक्रार चुकीने बंद केली तर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे लेखी अपील करा. पत्ता आणि ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. ट्रायला पत्र लिहून तुमची एकटीची तक्रार सुटणार नाही. ट्राय नियम करते आणि कंपन्यांवर कारवाई करते, वैयक्तिक तक्रारींचा निवाडा ती करत नाही. हे माहीत नसल्याने लोकांचे महिने वाया जातात.

आता नंबर ओळखण्याबद्दल. जाहिरातीचा कायदेशीर कॉल १४० ने सुरू होतो. बँका, विमा कंपन्या यांचे सेवेचे किंवा व्यवहाराचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवेत, आणि व्यापारी बँकांना हे १ जानेवारी २०२६ पासून बंधनकारक झाले आहे. म्हणजे ‘मी बँकेतून बोलतोय, तुमचे कार्ड बंद होणार आहे’ असा कॉल साध्या मोबाईल नंबरवरून आला, तर तो बँकेचा नाही असेच धरून चाला. एसएमएसच्या बाबतीत पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर दिसते: ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार, ‘जी’ म्हणजे सरकारी. जाहिरातीच्या संदेशात पुढे नको असल्याचे कळवण्याची सोय देणे आता सक्तीचे आहे. तुम्ही नको म्हटल्यावर नव्वद दिवस त्या कंपनीला पुन्हा संमती मागता येत नाही.

संमती हा या सगळ्या कायद्याचा कणा आहे, आणि बँका-विमा कंपन्या पळवाट शोधतात तीही इथेच. तुम्ही कर्ज घेताना सही केलेल्या कागदांत कुठेतरी ‘आमच्या व आमच्या सहयोगी कंपन्यांच्या योजनांची माहिती देण्यास संमती’ असे बारीक अक्षरांत असते. बँक तेच पुढे करते. पण हप्ता कधी आहे हे सांगणे ही सेवा आहे आणि टॉप-अप लोन विकणे ही जाहिरात आहे. कर्जदार असल्याने पहिल्याला तुमची संमती गृहीत धरता येते. दुसऱ्यासाठी, आणि त्यातही तुमचा नंबर डीएनडीत असताना, स्पष्ट संमती हवी आणि ती यंत्रणेत नोंदलेली हवी. तुम्ही स्वतः एखाद्या गोष्टीची चौकशी केली असेल तर त्या निमित्ताने दिलेली संमतीही सातच दिवस टिकते. दोन वर्षांपूर्वी गृहकर्जाचा व्याजदर विचारला होता म्हणून आज कॉल, हे चालत नाही. जुन्या कागदी संमत्या तपासताच येत नाहीत, म्हणून जून २०२५ पासून ट्राय आणि रिझर्व्ह बँक यांनी काही बँकांसोबत डिजिटल संमतीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला आहे. त्याचे संदेश १२७००० या क्रमांकावरून येतात. असा संदेश आला तर घाईत ‘हो’ दाबू नका, कशाला हो म्हणतो आहोत ते वाचा.

बँकेला एक पत्र लिहा. माझ्या अनुभवात कागदावरचे पत्र दहा फोनपेक्षा जास्त काम करते, कारण त्याला उत्तर द्यावेच लागते. शाखेत न देता बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवा. मजकूर असा ठेवा:

‘माझे अमुक कर्ज खाते आपल्या बँकेत आहे. माझा मोबाईल नंबर डीएनडीमध्ये नोंदलेला आहे. कर्जाच्या कागदपत्रांत किंवा अन्यत्र जाहिरातीच्या संपर्कासाठी माझी कोणतीही संमती घेतली असल्यास ती मी या पत्राने मागे घेत आहे. अमुक तारखेला अमुक वेळी, अमुक नंबरवरून आपल्या बँकेच्या नावाने कॉल आला व त्या व्यक्तीस माझ्या हप्त्याची रक्कम माहीत होती. हा नंबर आपल्या बँकेचा किंवा आपण नेमलेल्या विक्री एजंटचा आहे काय, माझ्या खात्याची माहिती कोणाकोणाला दिली, व माझी संमती कोणत्या तारखेची आहे, हे लेखी कळवावे.’

शेवटचे तीन प्रश्न गाळू नका. बँक ‘हो, आमचा एजंट’ म्हणाली तर जबाबदारी तिची, कारण एजंटाने केलेले बँकेला झटकता येत नाही. ‘नाही, आमचा नंबर नाही’ म्हणाली तर बँकेच्या नावाने तोतयेगिरी झाल्याचा कागद तुमच्या हाती आला. आणि उत्तरच दिले नाही, तर तीस दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

क्रेडिट कार्डाबाबत रिझर्व्ह बँकेचे निर्देश बरेच कडक आहेत. कार्ड विकणाऱ्या प्रतिनिधीने सकाळी १० ते संध्याकाळी ७ याच वेळात संपर्क करायचा आहे. तुम्ही न मागता कार्ड पाठवले आणि त्यावर शुल्क लावले, तर ते शुल्क परत करून वर त्याच्या दुप्पट दंड तुम्हाला द्यायचा आहे. फोनवर ‘हं, ठीक आहे’ म्हटल्याचा आधार घेऊन आलेले कार्ड मी पाहिले आहे. तसे झाले तर कार्ड सुरू करू नका, लगेच लेखी कळवा. वसुलीचे कॉल हा वेगळा प्रकार आहे. पण तुमच्या घरात कोणाला येत असतील तर एवढे लक्षात ठेवा, की सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने मनाई केली आहे. नातेवाइकांना आणि मित्रांना फोन करून बदनामी करणेही त्यात बसत नाही.

प्लॉटवाल्यांचे वेगळे. त्यांच्यावर ना रिझर्व्ह बँकेचा धाक, ना विमा नियामकाचा. पण रेरा, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांचा कायदा, आहे. २०१६ च्या त्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे एजंटाची नोंदणी असावी लागते, आणि ज्याला प्रकल्पाची नोंदणी लागते असा प्रकल्प नोंदणीशिवाय विकायला एजंटाला बंदी आहे. मोडले तर दिवसाला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. म्हणून कॉलवर पहिला प्रश्न: ‘तुमचा आणि प्रकल्पाचा महारेरा नंबर सांगा.’ नंबर दिला तर तो तक्रारीत लिहा. नाही दिला तर तेही लिहा.

आता ज्या कॉलने तुम्ही घाबरलात त्याकडे. माहिती फुटण्याच्या वाटा अनेक असतात: कर्जाच्या फायली हाताळणारे एजंट, कर्ज मिळवून देणारी संकेतस्थळे, फोनमधली ॲप, दुकानात बिलासाठी दिलेला नंबर, प्रदर्शनातल्या लकी ड्रॉचे कूपन. बिल करताना मोबाईल नंबरची सक्ती करू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितले आहे, तेव्हा तिथे नकार देताना संकोच करू नका. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराशिवाय दुसऱ्याला देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे आज वापरता येणारे हत्यार आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. तो पूर्ण लागू झाल्यावर संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क भक्कम होईल. तोवर २०१९ च्या कायद्यावर भर द्या.

त्या माणसाने हप्ता सांगून पुढे काही मागितले का, हे आठवून पाहा. ओटीपी, कार्डचा नंबर, एखादे ॲप टाकायला सांगणे, ‘प्रोसेसिंग फी’ भरायला लावणे, यांपैकी काहीही असेल तर तो मार्केटिंगचा कॉल नव्हता. पैसे गेले नसतील तर केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ या सुविधेत कळवा, व्हॉट्सॲपवरून आलेले कॉलही तिथे कळवता येतात. ट्रायचे वर सांगितलेले नियम व्हॉट्सॲप कॉलला लागू होत नाहीत. पैसे गेले असतील तर एक क्षण न दवडता १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. विमा नियामक प्राधिकरण ‘तुमचा बोनस अडकला आहे’ असे सांगायला कधीच कोणाला फोन करत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगा. या एका थापेवर माणसांनी निवृत्तीची पुंजी गमावली आहे.

शेवटी ग्राहक आयोग. तुमची तक्रार कोणाविरुद्ध उभी राहते हे आधी ठरवावे लागते. प्लॉटवाल्याकडून तुम्ही काही घेतलेले नाही, त्यामुळे त्याच्या तुम्ही ‘ग्राहक’ नाही. त्याच्याविरुद्ध दावा टिकवणे अवघड. मोबाईल कंपनीच्या मात्र तुम्ही पैसे भरून ग्राहक आहात. तिने नियमाप्रमाणे पाच दिवसांत कारवाई केली नाही, तक्रारी कारण न देता बंद केल्या, तर ती सेवेतली त्रुटी आहे. बँकेच्याही तुम्ही ग्राहक आहात. तिने माहिती फोडली किंवा संमती मागे घेतल्यावरही कॉल चालू ठेवले, तर तिलाही पक्षकार करता येते.

मोबाईल कंपनीचा वकील सहसा दोन आक्षेप घेतो. पहिला, की टेलिग्राफ कायद्यात लवादाची तरतूद असल्याने आयोगाला अधिकारच नाही. तो वाद सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात संपवला आहे: मोबाईल सेवेविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालते. दुसरा आक्षेप तुमच्याच बाबतीत येईल. ‘या नंबरवर त्या धंदा करतात, म्हणून त्या ग्राहक नाहीत.’ स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेऊन वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही, हे २०१९ च्या कायद्यातल्या व्याख्येच्या स्पष्टीकरणातच आहे. त्यात सेवेचा वेगळा उल्लेख नाही, पण तेच तत्त्व सेवेलाही लावावे, असे मांडता येते. घरून डबे करून संसार चालवणारी बाई या तत्त्वात बसते. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात हे लिहून टाका, मागून सुचलेले वाटता कामा नये.

तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे नाशिकच्या जिल्हा आयोगात, दाखल करता येते. कंपनीचे मुख्यालय मुंबईत की दिल्लीत, याने फरक पडत नाही. सेवेसाठी भरलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर त्या प्रकरणाला फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ऑनलाइन दाखल करायला ‘ई-जागृती’ हे संकेतस्थळ आहे, आणि आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मागणीत भरपाईसोबत ‘यापुढे कॉल बंद करावेत’ असा आदेशही मागा. आयोगाला तोही देता येतो. कायद्यात निकालाचे उद्दिष्ट तीन महिन्यांचे असले तरी प्रत्यक्षात वर्षाहून जास्त काळ लागू शकतो, आणि भरपाईची रक्कम सहसा मोठी नसते. म्हणून मी प्रत्येकाला आयोगात जा म्हणत नाही. वही भरलेली असेल, बँकेला पत्र गेलेले असेल, अपील करून झाले असेल आणि तरीही फरक पडला नसेल, तर जरूर जा. पुष्कळदा नोटीस गेल्यावरच कंपनीचा नोडल अधिकारी, म्हणजे तक्रारी सांभाळायला नेमलेला अधिकारी, स्वतः फोन करतो. तसे झाले तर तो जे आश्वासन देईल ते ईमेलवर मागा.

एक व्यवहारातली सूचना. डब्यांच्या पत्रकावर, रिक्षामागच्या जाहिरातीवर आणि ऑनलाइन यादीत जो नंबर देता, तोच बँकेत, आधारला आणि विम्याला जोडलेला ठेवू नका. धंद्याचा वेगळा ठेवा. दोन्हींची डीएनडी नोंद स्वतंत्र करावी लागते. त्यानंतर फक्त बँकेला दिलेल्या नंबरवर कर्जाचा कॉल आला, तर माहिती कुठून फुटली याचा शोध बराच सोपा होतो, आणि आयोगापुढे ते मांडताना तुमच्या शब्दाला वजन येते.